चाळीस टक्के आणि मदतीचे आठ नियम



आपल्या इंजिनीअरिंगवाल्यांना ४० हा आकडा नव्याने समजावून सांगायची गरज नाही. ४० म्हणजे पास, ३९ म्हणजे "ग्रेस मिळतील का रे?" आणि त्याखाली म्हणजे सरळ के.टी.! असाच एक ४० चा आकडा सिव्हिल हॉस्पिटलच्या कागदावर असतो. तिथे मात्र ग्रेस नाही आणि सहजासहजी रिचेकिंगही नाही. पण त्या आकड्यावर अ‍ॅडमिशन, स्कॉलरशिप, एस.टी.चं तिकीट आणि पुढे जाऊन नोकरीसुद्धा अवलंबून असते. तो आकडा म्हणजे दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावरची टक्केवारी.

गेली दोन वर्षं आम्ही सात-आठ जण रविवारी सकाळी रीडिंग हॉलच्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसतो. आमच्या टेबलाला नाव नाही, बोर्ड नाही. ज्याला प्रमाणपत्राचा अर्ज भरायचा आहे, स्कॉलरशिपची कागदपत्रं लावायची आहेत, परीक्षेत लेखनिक मिळवायचा आहे, तो येतो. आम्ही सगळे कधी ना कधी त्याच रांगेत उभे राहिलेलो आहोत, एवढंच आमचं क्वालिफिकेशन.

सुरुवातीला या टेबलाचा कॅन्टीनचा कट्टा व्हायचा. प्रत्येक जण छातीठोकपणे सल्ला द्यायचा आणि त्यातला निम्मा चुकीचा असायचा. कोणी "तुला नक्की काय झालंय?" असं सगळ्यांसमोर विचारायचा, कोणी "बोर्डासमोर जरा जास्त लंगडत चाल" असं शिकवायचा. मग आम्ही नियम लिहून काढले. ते आठ नियम तुमच्यासमोर ठेवावेत म्हणून हा लेख. पण नियमांमागचं कारण कळायला आधी हा ४० चा मामला समजायला हवा, म्हणून थोडं थिअरीपासून सुरू करते. (झोपू नका, न्यूमेरिकलसुद्धा आहे!)

थिअरी : सातचे एकवीस

आपल्याकडे अपंगांसाठीचा पहिला मोठा कायदा १९९५ चा. त्यात सात प्रकार होते. त्याच्या जागी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. यात प्रकार झाले एकवीस. पूर्वीचे अंधत्व, कर्णबधिरता, अस्थिव्यंग वगैरे होतेच. त्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, पार्किन्सन्स, मल्टिपल स्क्लेरोसिस, ऑटिझम, अध्ययन अक्षमता, अ‍ॅसिड हल्ल्यातले पीडित असे बरेच नवीन आले.

ही यादी एकदा नीट वाचली की एक गोष्ट लक्षात येते. यातले कितीतरी प्रकार बघून कळतच नाहीत! सिकलसेल असलेली मुलगी तुमच्या शेजारी बसून मेसची आमटी खात असेल आणि तुम्हाला पत्ता नसेल. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात २९ लाखांहून जास्त दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली, तीही जुन्या, छोट्या यादीवर. तेव्हा "आमच्या विंगमध्ये कोणी नाही" असं वाटत असेल, तर बहुतेक कोणी तुम्हाला सांगितलेलं नाही एवढाच त्याचा अर्थ.

शब्दांचंही थोडं सांगते. जुन्या पाट्यांवर 'अपंग', कायद्याच्या मराठी नावात 'दिव्यांग', काही पुस्तकांत 'विकलांग' असे शब्द आहेत. काहींना 'दिव्यांग' आवडतो, काहींना अजिबात नाही. आमच्या टेबलावर यावर दोन रविवार वाद झाला. शेवटी ठरलं, की फॉर्मवर फॉर्मचा शब्द लिहायचा आणि माणसाला त्याच्या नावाने हाक मारायची.

या कायद्यात दोन पातळ्या आहेत. एकवीसपैकी काहीही असणारी व्यक्ती ही दिव्यांग व्यक्ती. आणि ज्याची टक्केवारी ४० किंवा जास्त आहे तो लक्षणीय दिव्यांगत्व असलेला. आरक्षण, बहुतेक स्कॉलरशिप आणि योजना या दुसऱ्या गटासाठी. समानता, भेदभाव न होणं आणि वाजवी सोयी मात्र पहिल्या गटासाठी, म्हणजे सर्वांसाठी. हा फरक लक्षात ठेवा, पुढे फार उपयोगी पडणार आहे.

न्यूमेरिकल : २५ अधिक १५ बरोबर किती?

टक्के डॉक्टर मनाने देत नाहीत, त्यासाठी केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना आहेत. सांधा किती अंशात वळतो, स्नायूत ताकद किती, ऐकू येण्यासाठी किती डेसिबल लागतात, तक्त्यावरची कितवी ओळ वाचता येते, हे मोजायचं आणि तक्त्यातून टक्के काढायचे. उदाहरणार्थ ४ जानेवारी २०१८ च्या सूचनांनुसार एक डोळा पूर्ण गेलेला पण दुसरा चांगला असेल तर ३० टक्के. म्हणजे एक डोळा नसूनही ४० च्या आत! कायद्यातली कर्णबधिरतेची व्याख्याही दोन्ही कानांची आहे : ६० ते ७० डेसिबल ऱ्हास असेल तर कमी ऐकू येणारा, ७० डेसिबलला कर्णबधिर. एकाच कानाने ऐकू येत नसेल तर या व्याख्येत बसत नाही.

आता दोन दोष असतील तर? एकाला २५ टक्के आणि दुसऱ्याला १५ टक्के. आपण म्हणणार ४०, झालं काम! पण तशी सरळ बेरीज करत नाहीत. सूत्र असं आहे :

एकूण = अ + ब × (९० − अ) ÷ ९०

यात 'अ' मोठा आकडा, 'ब' छोटा. २५ आणि १५ घातले तर २५ + १५ × ६५ ÷ ९० = ३५.८ येतात. ४० नाहीच! ३० आणि २० असतील तर ५० नाही, ४३.३ येतात. पहिला दोष वजा केल्यावर जेवढं उरतं त्या उरलेल्या भागावर दुसरा मोजायचा, असा त्यामागचा विचार. सिस्टिम एफिशिअन्सी काढताना आपण टक्क्यांची बेरीज करत नाही, तसंच काहीसं.

हे गणित मी मुद्दाम दिलं. कारण घरी बसून बेरीज करून "माझे ४० होतात" असं धरून चाललेला मुलगा बोर्डाकडून ३६ घेऊन परत येतो, तेव्हा त्याला वाटतं की डॉक्टरांनी मुद्दाम कापले. कधी मोजणीत खरंच चूक होते आणि त्यासाठी कायद्यात अपिलाची सोय आहे. पण प्रत्येक वेळी चूकच असते असं नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टक्के शरीरातला दोष मोजतात, रोजची अडचण मोजत नाहीत. यूपीएससीच्या एका उमेदवाराला रायटर्स क्रॅम्प होता, म्हणजे लिहायला लागलं की हाताचे स्नायू आखडायचे. मोजणीत त्याचे टक्के निघाले ६. पण तीन तासांच्या लेखी पेपरला त्याची अडचण १०० टक्के होती! ११ फेब्रुवारी २०२१ ला सुप्रीम कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला, की लेखनिकाची सोय फक्त ४० टक्केवाल्यांपुरती मर्यादित ठेवता येणार नाही. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ ला केंद्राने ४० च्या आतल्या, पण लिहायला अडचण असलेल्या उमेदवारांसाठी वेगळ्या सूचना काढल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये कोर्टाने परत बजावलं की ही सोय सर्व दिव्यांग उमेदवारांना मिळाली पाहिजे.

उलटं उदाहरणही आहे. महाराष्ट्रातल्याच एका विद्यार्थ्याला वाणीदोष ४४-४५ टक्के आहे म्हणून एमबीबीएसला अपात्र ठरवलं होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये कोर्टाने सांगितलं, की नुसत्या आकड्यावरून दार बंद करता येणार नाही, तो कोर्स करू शकतो का हे तपासा. म्हणजे आकडा कमी पडला म्हणूनही अडवतात आणि जास्त झाला म्हणूनही!

प्रत्येक दाराला वेगळं कुलूप

टेबलावर सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न : "कार्ड मिळालं, आता सगळं मिळणार ना?" उत्तर : नाही. कार्ड ही एक किल्ली आहे, पण प्रत्येक दारावर अजून एकेक कुलूप आहे.

एआयसीटीईची 'सक्षम' स्कॉलरशिप वर्षाला ५० हजार रुपये. अट ४० टक्के आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत. पण खरं कुलूप पुढेच आहे. अर्ज पदवीच्या पहिल्या वर्षाला, किंवा डिप्लोमावरून थेट दुसऱ्या वर्षाला आला असाल तर त्या वर्षी करायचा. आमच्या ओळखीतल्या एकाला त्याच्या विंगमधल्या सीनिअरने सांगितलं होतं, "घाई काय आहे, निवांत एस.ई.ला भर!" त्याने ऐकलं. चार वर्षांचे मिळून दोन लाख रुपये त्या एका "निवांत"मध्ये गेले. त्याचे वडील रोजंदारीवर आहेत. सल्ला देणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं, पण त्याने दोन लाख वाचत नाहीत.

अ‍ॅडमिशनचं आरक्षण : सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा, शिवाय वयात ५ वर्षांची सूट. सरकारी नोकरीत ४ टक्के. दोन्हीकडे ४० ची अट.

एस.टी.च्या तिकिटात ७५ टक्के सवलत. रेल्वेचं मात्र वेगळं. तिथे ठरावीकच प्रकार आहेत आणि अस्थिव्यंग असेल तर 'सोबतीशिवाय प्रवास करू शकत नाही' अशी अट आहे. त्यामुळे एस.टी.त सवलत मिळणाऱ्याला रेल्वेत मिळेलच असं नाही. तिकीट खिडकीवर भांडण्याआधी हे माहीत असलेलं बरं!

घरी कोणी असेल तर संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५० हजार. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिव्यांगांचं मानधन महिना दीड हजारांवरून अडीच हजार करायचा निर्णय घेतला. केंद्राची जी दिव्यांग निवृत्तीवेतन योजना आहे तिथे ४० नाही, तर ८० टक्के आणि दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब अशी अट आहे.

आणि ज्या दाराला ४० चं कुलूप नाही ते कॉलेजमधलंच : वाजवी सोयी. सरकारमान्य शिक्षणसंस्थांनी दिव्यांग विद्यार्थ्याच्या गरजेनुसार परीक्षेत आणि वर्गात बदल करावेत असं कायदा म्हणतो. परीक्षेत तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ ही लेखी परीक्षांसाठीच्या केंद्राच्या सूचनांतली गोष्ट आहे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. पण वाजवी सोय याहून साधी असू शकते. तिसऱ्या मजल्यावरचं प्रॅक्टिकल तळमजल्यावरच्या लॅबमध्ये घेणं, लेक्चरच्या स्लाइड्स आदल्या दिवशी देणं, ओठ वाचणाऱ्या मुलीसाठी सरांनी फळ्याकडे तोंड करून न बोलणं. याला एक रुपया लागत नाही.

कागद कसा काढायचा

हे थोडक्यात. जून २०२१ पासून प्रमाणपत्राचा अर्ज ऑनलाइनच होतो, केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवर. फोटो, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि आजाराचे जुने कागद जोडायचे आणि हॉस्पिटल निवडायचं. मग तपासणीची तारीख येते आणि हॉस्पिटलमध्ये डॉक्टर तपासतात. २०१७ च्या नियमांत एक महिन्यात निर्णय अपेक्षित होता, २०२४ च्या दुरुस्तीत ही मुदत तीन महिने झाली. म्हणून स्कॉलरशिपची शेवटची तारीख बघून अर्ज करू नका, बारावीच्या निकालाची वाटही बघू नका. धाकट्या भावंडांना आत्ताच सांगा.

प्रमाणपत्राबरोबर युडीआयडी कार्ड मिळतं. २०२४ च्या दुरुस्तीनुसार ४० च्या आत पांढरं, ४० ते ७९ पिवळं, ८० आणि वर निळं. पांढरं कार्ड मिळालं म्हणून फेकून देऊ नका! लेखनिकाच्या बाबतीत बघितलंच, की ४० च्या आतल्यांनाही हक्क आहेत.

प्रमाणपत्र कायमचं आहे की तात्पुरतं, तेही वाचा. तात्पुरत्यावर मुदत लिहिलेली असते. ती ऐन अ‍ॅडमिशनच्या वेळी संपली की पळापळ होते.

आणि आता नियम

१. "काय झालंय?" विचारायचं नाही, "काय हवंय?" विचारायचं. टेबलावर येणारा माणूस केस हिस्टरी द्यायला आलेला नाही. त्याला फॉर्म हवा असेल तर फॉर्म द्या. लेखनिकाचा अर्ज कसा लिहायचा हे सांगायला त्याच्या आजाराचं नाव लागत नाही. एका ऑफिसच्या खिडकीवर मला स्वतःला चाळीसेक मुलांच्या रांगेसमोर मोठ्या आवाजात "नक्की काय प्रॉब्लेम आहे तुम्हाला?" असं विचारलं गेलं होतं. माझ्या प्रमाणपत्रावर ४५ टक्के आहेत. कशाचे, ते या लेखात कुठेही लिहिलेलं नाही, आणि तरी तुमचं काही अडलं नाही ना?

२. कागद बघायचा, परत द्यायचा. झेरॉक्स ठेवायची नाही, मोबाइलमध्ये फोटो काढायचा नाही, 'नमुना' म्हणून दुसऱ्याला दाखवायचा नाही. प्रमाणपत्रावर आजार, पत्ता, जन्मतारीख सगळं असतं. आजाराची ओळ त्याने स्वतः भरायची, आपण बाकीच्या रकान्यांकडे बघायचं.

३. टेबलावरचं मेसमध्ये न्यायचं नाही. "अरे, तो आला होता काल" एवढं वाक्यसुद्धा नाही. मानसिक आजारही कायद्याच्या यादीत आहे. ते कोणाला सांगायचं, कधी सांगायचं, की सांगायचंच नाही, हे ठरवायचा हक्क ज्याचा त्याला. हॉस्टेलमध्ये बातमी पसरायला किती वेळ लागतो ते तुम्हाला ठाऊक आहे, लाइट जायच्या आत अख्ख्या बिल्डिंगला कळतं!

४. "मिळेलच" म्हणायचं नाही. "माझ्या मित्राला मिळालं" हा नियम नसतो. त्या वर्षीचा मूळ कागद काढायचा, अट बोट ठेवून दाखवायची आणि शेवटची तारीख लिहून द्यायची. माहीत नसेल तर "माहीत नाही, पुढच्या रविवारपर्यंत बघून सांगते" हे उत्तर चालतं. दोन लाखांची गोष्ट वर सांगितलीच आहे.

५. खोटं शिकवायचं नाही, आणि खरं गिळायलाही लावायचं नाही. या नियमावर आमच्यात सर्वांत जास्त भांडण झालं. एकाचं म्हणणं होतं, "सिस्टिम एवढी कडक आहे, थोडं वाढवून सांगितलं तर काय बिघडलं?" बिघडतं. एक तर कायद्याच्या ९१ व्या कलमात खोटेपणाने लाभ घेतला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. दुसरं, मोजणीत नाटक फारसं टिकत नाही. ऐकण्याबद्दल शंका आली तर बेरा नावाची तपासणी करतात, त्यात तुम्ही हात वर केला की नाही हे बघतच नाहीत, मेंदूकडे जाणारा सिग्नलच मोजतात. पण उलटी चूक जास्त होते. आपल्याकडची मुलं डॉक्टरांसमोर संकोचाने "तसं काही नाही, जमतं सगळं" म्हणून येतात! जिना चढताना दोनदा थांबावं लागत असेल तर दोनदा म्हणा. एकदाही नाही, आणि दहादाही नाही.

६. कोण 'खरा' अपंग, याचा निकाल आपण द्यायचा नाही. "दिसायला तर ठणठणीत दिसते" हे वाक्य टेबलावर बंद. २०२४ मध्ये पुण्यातल्या एका प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून देशभर गदारोळ झाला. त्यानंतर कित्येक महिने आमच्यापैकी ज्यांचं दिव्यांगत्व वरून दिसत नाही त्यांच्याकडे लोक वेगळ्याच नजरेने बघायचे. "तुझं पण तसंच का?" असं हसत हसत विचारायचे. खोटं प्रमाणपत्र पकडायचं काम बोर्डाचं आणि पोलिसांचं आहे. शंका असेल तर तिथे तक्रार करा. मेसच्या रांगेत चौकशी आयोग बसवू नका. ३६ टक्केवाल्यानेही ४५ टक्केवालीला "तुझ्यापेक्षा मला जास्त त्रास होतो" असं म्हणायचं नाही, आणि ४५ वालीने "तू कशाला आलास?" असं विचारायचं नाही.

७. पैसे नाहीत, एजंट नाहीत, ओळखी नाहीत. "माझ्या ओळखीचा एक माणूस आहे, करून देतो" हे वाक्य कोणी उच्चारलं तर त्याला टेबलावरून उठायला सांगायचं. चहासुद्धा घ्यायचा नाही. हा नियम कडक वाटतो, पण एजंटने भरलेल्या अर्जात चूक निघाली तर सही आपल्याच पोराची असते आणि एजंट फोन उचलत नाही.

८. आपल्या झेपेपलीकडचं असेल तर एकट्याने पेलायचं नाही. कधी कधी फॉर्मचं निमित्त असतं आणि माणूस रडायला लागतो. तेव्हा फॉर्म बाजूला. ऐकायचं, लेक्चर द्यायचं नाही, "त्या अमुकाकडे बघ, तो किती जिद्दीने शिकला" असले किस्से तर अजिबात सांगायचे नाहीत. त्याला विचारून रेक्टर मॅडमकडे किंवा कौन्सेलरकडे सोबत जायचं. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ दिवसरात्र चालू असते. आणि जिवाचं काही बरंवाईट करायची भाषा आली तर नियम ३ त्या क्षणापुरता रद्द. तेव्हा गुप्तता नाही, माणूस महत्त्वाचा, लगेच मोठ्या माणसांना सांगायचं.

नियम मोडला तर? पहिल्या वेळी बाजूला नेऊन सांगायचं, सगळ्यांसमोर नाही. दुसऱ्या वेळी महिनाभर टेबलावर बसायचं नाही. आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो निर्णयात नसतो, मग तो सुरुवात करणाऱ्यांपैकी का असेना. एकदा अशी वेळ आली, आमच्यातल्या सर्वांत सीनिअरला नियम ३ साठी महिनाभर बाहेर ठेवावं लागलं. तो चिडला, पण परत आला. आता नवीन आलेल्यांना नियम ३ तोच समजावतो.

सर, मॅडम आणि ऑफिसमधल्या काका-मावशींसाठी दोन शब्द

तुम्ही वयाने, मानाने मोठे आहात, तुम्हाला नियम सांगायचा आमचा अधिकार नाही. फक्त विनंती. सोयीचा अर्ज आला तर वर्गात नाव घेऊन "अमुकला जादा वेळ मंजूर झालाय" असं जाहीर करू नका, बोलावून सांगा. कागद कमी असेल तर कोणता ते चिठ्ठीवर लिहून द्या, म्हणजे चार चकरा वाचतात. ज्याला जिना चढणं अवघड आहे त्याची एक चकर म्हणजे आमच्या दहा चकरा असतात. आणि "ही सवलत घेऊन तू पुढे इंडस्ट्रीत काय करणार?" हा प्रश्न कृपया नको. जादा एका तासात पेपर सोपा होत नाही हो, फक्त पूर्ण लिहून होतो.

बाकी मंडळींसाठी एकच काम. तुमच्या विंगमध्ये या वर्षी फर्स्ट इयरला आलेले जे कोणी आहेत त्या सगळ्यांना, कोणाकडेही विशेष न बघता, 'सक्षम'च्या अर्जाची तारीख सांगा. नोटीस बोर्डावर लावा, पाण्याच्या कूलरजवळ लावा, बाथरूमच्या दारावर लावली तरी चालेल! ज्याला लागू आहे तो गुपचूप वाचेल आणि भरेल. त्याला "मला लागू आहे" असं कोणालाही सांगावं लागणार नाही.

टेबल दर रविवारी सकाळी नाश्त्यानंतर, मेस बंद होईपर्यंत. येताना मूळ कागद आणा, झेरॉक्स नको. आणि सोबत मित्राला आणायचं की एकट्याने यायचं, ते तुम्हीच ठरवा.

— एक विद्यार्थिनी, टी.ई. (ई अँड टीसी)